शिडाची बोट, तांडेलासकट
गिरगाव-लालबागकरांना बेटावरची सुट्टी म्हटलं की अंदमान आठवतं. पण शिडाची बोट भाड्याने घ्यायला गेटवे ऑफ इंडिया गाठलं तरी पुरे. सुकाणू धरणारा तांडेल बोटीबरोबरच येतो. भाडं बहुधा माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं, तेही तासावर. म्हणून चार-पाच जण जमवावेत. हिवाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो, मजा तेव्हाच. बोट वळवताना तांडेल ओरडला की मुकाट्याने मान खाली घालायची, कारण शिडाखालचा आडवा दांडा डोक्यावरून सपकन जातो. लाइफ जॅकेट फोटो काढण्याआधी चढवा. घारापुरी बेटावर उतरायचं तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. आणि मुक्कामाचा बेत सोडा, पर्यटकांना तिथे रात्री राहता येत नाही. पावसाळ्यात तर विचारूच नका, शिडाच्या बोटी बंदच असतात.