बाण सुटल्यानंतर

मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या घळीत शिरला आणि अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात पोहोचला. तिथल्या खांबावरच्या चित्रावर त्यानं आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडून ठेवली. त्याच लेण्याच्या उजव्या भिंतीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रंगवलेल्या दोन जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा, आहेत, आणि दोन्ही शिकारीच्या आहेत.

पहिली श्याम जातकाची. वाराणसीच्या राजाचा बाण आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरणाऱ्या मुलाला लागतो. आपल्याला श्रावणबाळ आठवतोच. पण दशरथाच्या वाट्याला शाप येतो. इथला राजा मात्र त्या म्हाताऱ्यांची सेवा आपण करू म्हणतो, आणि मुलगाही पुन्हा जिवंत होतो.

दुसरी, छद्दंत हत्तीची, मला अधिक थोर वाटते. पूर्वजन्मी हत्तीण असलेली राणी जुन्या मत्सरापोटी आपल्याच गतजन्मीच्या पतीचे सुळे मागते. शिकारी सोनुत्तर भिक्षूचं काषाय वस्त्र पांघरून खड्ड्यात दबा धरतो आणि विषारी बाण सोडतो. हत्ती त्याला चिरडायला धावतो, ते वस्त्र पाहून थबकतो, आणि शिकाऱ्याला करवत चालवता येईना म्हणून स्वतःच सुळे कापून देतो. सुळे समोर येताच राणी कोसळते. दहाव्या लेण्यात तिला सावरणाऱ्या दासींची लगबग पाहावी. चित्रकाराचं सगळं बळ तिथं लागलं आहे.

ही चित्रं डावीकडून उजवीकडे ओळीनं वाचायला गेलं की माणूस गोंधळतो. डीटर श्लिंगलॉफ आणि विद्या देहेजिया या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की अजिंठ्याचे चित्रकार प्रसंगांची जुळणी पुष्कळदा स्थळावरून करतात. अरण्यातलं अरण्यात, राजवाड्यातलं राजवाड्यात. काळाचा क्रम पाहणाऱ्यानं लावायचा. आपल्याकडे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले म. के. ढवळीकर यांनी याच भिंतींवरून त्या काळचं लोकजीवन वाचलं.

युरोपातही शिकाऱ्यावर उलटणारी शिकार रंगवली गेली. टिशनच्या चित्रात डायना देवीच्या कोपानं शिकारी ॲक्टिऑनचं हरिण होतं आणि त्याचीच कुत्री त्याला फाडतात. तिथं अपराधाला शिक्षा आहे. अजिंठ्यात मारणाऱ्याला क्षमा मिळते, आणि ती सोसणं राणीच्या जिवावर बेततं. पाचव्या शतकात सतराव्या लेण्यात छद्दंत पुन्हा रंगवला गेला, तेव्हाही क्षमेचा हा धागा कायम राहिला.

दहाव्या लेण्यातली भिंत आता फार पुसट झाली आहे. रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या; मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांच्याही अनेक प्रती १८८५च्या आगीत गेल्या. तरी ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये छापलेली रेखाटनं हाताशी आहेत. ती पाहून मगच त्या भिंतीसमोर उभं राहावं.