एक वही, हजार मुनीम

ब्लॉकचेन हा शब्द कानी पडला की सट्टा, रातोरात आलेली श्रीमंती आणि तितक्याच रातोरात निघालेले दिवाळे, एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. आम्हाला आज त्या वाटेने जावयाचे नाही. हिशेबी माणसाला पडावा असा एक साधा प्रश्न आपण येथे घेऊ. जी वही हजारो लोकांनी मिळून लिहावयाची, ती भराभर लिहावी कशी?

पेढीवर एक रोजकीर्द असते व ती लिहिणारा एक मुनीम असतो. ब्लॉकचेनमध्ये तीच रोजकीर्द जगभरच्या हजारो यंत्रांवर असते. प्रत्येक नोंद प्रत्येक यंत्र स्वतः तपासते, आणि प्रत्येक पानावर मागील पानाची खूण उमटलेली असल्यामुळे जुने पान गुपचूप बदलता येत नाही. सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेतलेल्या अज्ञात लेखकाने २००८ साली ही कल्पना मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनची वही सुरू झाली. कोणाही एका मुनिमावर भिस्त ठेवावी लागू नये, हा तिचा सारा हेतू. परंतु एकाचे काम हजारांनी पुनःपुन्हा करावयाचे म्हटल्यावर वेग कोठून येणार? बिटकॉइनचे एक पान सुमारे दहा मिनिटांनी पुरे होते. सेकंदाला फार तर सातच्या आसपास नोंदी. एथेरियम ही दुसरी मोठी वही तर डिसेंबर २०१७ मध्ये चित्रातल्या मांजरांच्या खरेदीविक्रीच्या एका खेळानेच तुंबली!

पहिला उपाय कोणालाही सुचेल असा : पान मोठे करा. यावरून बिटकॉइनवाल्यांत वर्षानुवर्षे भांडण चालले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये एक पक्ष आठपट मोठे पान घेऊन बिटकॉइन कॅश या नावाने वेगळा झाला. पण वही जाडजूड झाली की ती बाळगण्यास मोठे यंत्र लागते. सामान्य माणूस तपासणीतून गळतो. सोलानाने वजनदार यंत्रांचाच मार्ग पत्करला. वेग खरोखर आला. मात्र सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदींचा लोंढा येऊन ते जाळे सुमारे सतरा तास बंद पडले.

दुसरा उपाय आपल्या वाण्याच्या खात्यासारखा आहे. रोजचे मीठमिरची खात्यावर आणि हिशेब महिनाअखेर. जोसेफ पून व थॅडियस ड्रायजा यांनी २०१५ साली सुचविलेल्या लाइटनिंग जाळ्यात दोघेजण मुख्य वहीत काही रक्कम अडकवून ठेवतात, आपसात हव्या तितक्या देवघेवी करतात आणि शेवटची बाकी तेवढी वहीत चढवितात. लहान रकमांना हे उत्तम. पण रक्कम आधी अडकवावी लागते, आणि समोरच्याने जुनाच हिशेब पुढे करू नये म्हणून पहाराही ठेवावा लागतो.

तिसऱ्या उपायात मुख्य वहीशेजारी दुसरी वही उघडावयाची आणि तिला मोजकेच मुनीम नेमावयाचे. आपल्या इकडच्या तरुणांनी २०१७ साली सुरू केलेले मॅटिक, म्हणजे पुढचे पॉलिगॉन, याच मार्गाने नावारूपास आले. त्यांच्या चाचणीच्या जाळ्याचे नाव काही वर्षे 'मुंबई' होते, हे जाता जाता. या मार्गातला धोका मात्र रोनिनने दाखविला. एका खेळासाठी काढलेल्या या वहीत नऊ मुनीम होते आणि पैसे बाहेर काढावयास पाचांच्या सह्या पुरत. मार्च २०२२ मध्ये चोरांनी पाच किल्ल्या मिळविल्या. त्यांतल्या चार तर एकाच कंपनीच्या हातच्या होत्या. साठ कोटी डॉलरांहून अधिक धन गेले. आणि कळले केव्हा? सहा दिवसांनी, एका ग्राहकाला आपले पैसे काढता येईनात तेव्हा! अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने पुढे या चोरीचे खापर उत्तर कोरियाच्या टोळीवर फोडले. वहीचे गणित कोणी मोडले नव्हते. माणसे थोडी होती, एवढेच.

म्हणून आम्हाला चौथा उपाय अधिक विचाराचा वाटतो. त्याला रोलअप म्हणतात. एथेरियमने २०२० पासून आपला भर याच्यावर दिला आहे. नोंदी बाहेर करावयाच्या, पण त्यांचे संक्षिप्त टिपण मुख्य वहीत नेऊन ठेवावयाचे, म्हणजे कोणालाही फेरतपासणी करता यावी. आर्बिट्रम व ऑप्टिमिझम यांच्यात हिशेब खरा धरून चालतात आणि हरकत घेण्यास सुमारे सात दिवस देतात. आपल्या सरकारी नोटिशीसारखेच. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक गठ्ठ्यासोबत गणिती पुरावा येतो, तेव्हा थांबण्याचे कारण उरत नाही. मात्र तो पुरावा तयार करणे मेहनतीचे असते.

येथेही एक मेख आहे. नोंदींचा क्रम लावणारा बहुतेक रोलअपांत आजही एकटाच असतो. जून २०२४ मध्ये लिनिया या रोलअपच्या चालकांनी, एका चोरीनंतर, आपली वही काही काळ थांबविली. हेतू चांगला होता, हे आम्ही नाकारीत नाही. पण एकाला वही थांबविता येते, हे त्या दिवशी सर्वांना दिसले. हरकतीची मुदत, गणिती पुरावा आणि चालकाला वळसा घालून मुख्य वहीतून पैसे काढण्याची वाट, ही तीनही जेथे नीट चालतात तेथे एकटा चालक फार तर खोळंबा करील. पैसे गिळू शकणार नाही. रोनिनमध्ये अशी वाट नव्हती.

राहता राहिला टिपणे ठेवण्याचा खर्च. मार्च २०२४ मध्ये एथेरियमने त्यांसाठी वेगळी स्वस्त जागा केली. तेथे ती सुमारे अठरा दिवस राहतात, मग काढून टाकता येतात. डिसेंबर २०२५ मधील सुधारणेने प्रत्येक यंत्राने सारी टिपणे उतरवून घेण्याची गरजही गेली. प्रत्येकाने थोडा भाग सांभाळावा आणि इकडचे तिकडचे तुकडे मागवून सगळे जागेवर असल्याची खात्री करावी. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. फक्त कोणते शीत उचलावयाचे हे भात शिजविणाऱ्याने ठरवावयाचे नाही.