आंबेमोहर आणि अमेरिकेची मोटार

जागतिक पर्यावरणाचं राजकारण शिकवायला सुरुवात कुठून करायची, यावरून मी गेली तीस वर्षं भांडतो आहे. आमच्या क्षेत्रातले काही विद्वान १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेपासून निघतात, रिओ, क्योटो अशी स्टेशनं घेत पॅरिसला उतरतात. तारखांबद्दल तक्रार नाही. पण मी मुळशी तालुक्यातल्या माणचा. माझ्या लेखी पहिला धडा १६ एप्रिल १९२१ चा. त्या रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाचं काम अडवलं, आणि सेनापती बापटांचं नाव त्या लढ्याला कायमचं चिकटलं. पूर्वेला वाहणारं पाणी अडवून घाटाखाली भिऱ्याला सोडायचं, त्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, आणि बुडायचं ते मावळातल्या खाचरांनी! यात जागतिक राजकारणातलं काय कमी आहे? ‘हा स्थानिक इतिहास झाला,’ असं एका चर्चासत्रात मला चहाच्या सुट्टीत ऐकवण्यात आलं. व्यासपीठावर म्हणायची छाती नव्हती.

राजेंद्र व्होरांचं ‘मुळशी सत्याग्रह’ १९९४ ला आलं तेव्हा मला मोठाच आधार मिळाला. पुण्यातल्या सावकारांनी मोबदल्याची वाट धरली आणि कसणारे उघडे पडले, ही फाटाफूट त्यात आहे. हवामान परिषदांमधली ‘गरीब देशांची एकजूट’ शिकवताना मी आधी हेच सांगायचो.

मधला काळ भराभर उरकतो. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांचं देवरायांवरचं काम सत्तरच्या दशकातलं. प्रकाश गोळ्यांची इकॉलॉजिकल सोसायटी १९८२ ची. पर्यावरण शिक्षणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा आदेश निघाला, बारा वर्षांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीला पर्यावरण सक्तीचं केलं, एराक भरुचांचं पाठ्यपुस्तक आलं. विषय घरोघरी पोचला आणि प्रकल्पाच्या वहीत जाऊन निजला. गाडगीळ समितीच्या पश्चिम घाटावरच्या २०११ च्या अहवालावरून जितकं भांडण झालं, तितका तो वाचला गेला नाही.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो. १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीहून एक बारीकशी पुस्तिका काढली. वॉशिंग्टनच्या एका संस्थेने तापमानवाढीचा हिशेब मांडून भारत-चीनलाही मोठ्या दोषींच्या रांगेत बसवलं होतं. या दोघांनी विचारलं, भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तागडीत कसा घालता? एक पोटासाठी, दुसरा चैनीसाठी. आणि वातावरण सगळ्यांचं, तर वाटा माणशी का नको?

आमचं आठ-दहा मास्तरांचं अभ्यासमंडळ होतं, दुसऱ्या शनिवारी जमायचं. एकच झेरॉक्स; वाचून झाली की पुढच्याकडे. चार बैठका आम्ही या पुस्तिकेवर घातल्या. वर्गात मी टेबलावर मूठभर मुळशीचा आंबेमोहर ठेवायचो. वास मागच्या बाकापर्यंत जायचा. मग चिठ्ठ्या काढून मुलांनी देश व्हायचं आणि क्योटोचा करार पुन्हा करायचा. एकदा धरणग्रस्ताच्या एका नातवाला अमेरिकेची चिठ्ठी आली. तो उठेचना. शेवटी म्हणाला, ‘‘सर, करतो अमेरिका. पण आमच्या आजीचं गाव पाण्याखाली गेलं, त्याचं उत्सर्जन कुणाच्या नावावर मांडायचं?’’ वर्ग हसला, मला उत्तर आलं नाही. पुढचा तास मी त्याच प्रश्नावर घेतला.

२०१० नंतर प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण लागले आणि चर्चासत्रांना ऊत आला. निबंध सात मिनिटं, प्रमाणपत्र लगेच, फोटो त्याच्याही आधी. महासाथीत तर वेबिनार. नाव नोंदवा, फॉर्म भरा, ई-मेलवर प्रमाणपत्र. आमचं शनिवारचं मंडळ कधी बंद पडलं ते कुणी ठरवलं नाही. झेरॉक्स एकाकडे राहिली, त्याने परत दिली नाही, आणि कुणी मागितलीही नाही.

माणच्या शिवारात आता आयटी पार्कचा तिसरा टप्पा आहे. पलीकडे लवळ्याच्या टेकडीवर दोन विद्यापीठं. यंदा मे महिन्यात तिथल्या दोन मुली धरणावर माझ्याबरोबर आल्या. पाणी खूप खाली गेलं होतं, काठाला भेगाळलेला गाळ. एकीने मोबाइलवर नकाशा काढला, नदीच्या उलट दिशेला बोट फिरवत घाट ओलांडला आणि भिऱ्यावर थांबली. ‘‘सर, म्हणजे हे पाणी आपल्याकडे येतच नाही?’’

मी पिशवीतून तांदळाची पुडी काढली.