मळीतला रेणू आणि कुलाब्यातलं चुंबक

कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्याला मळीचा वास कुणी ओळखून द्यावा लागत नाही. ही मळी आंबवून तिचं ऊर्ध्वपातन केलं की अल्कोहोल मिळतं. इथेनॉल म्हणून ते आता पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात एमएस्सी करणारा विद्यार्थी याच इथेनॉलला आणखी एका रूपात भेटतो. आडव्या रेषेवर तीन सुळके उभे असतात, एक ठेंगणा, एक मध्यम, एक उंच. हा त्याचा एनएमआर, म्हणजे केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाचा आलेख. विद्यार्थी तो पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि विसरून जातात.

हा आलेख 1951 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून एका छोट्याशा टिपणात प्रसिद्ध झाला. टिपणाचे लेखक तिघे होते: जेम्स आर्नल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड. मधलं नाव भारतीय आहे. पुढे होमी भाभांनी या धर्मट्टींना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणलं आणि तिथे या विद्येचा पाया घातला गेला. इथेनॉलच्या तीन सुळक्यांपासून एड्सच्या विषाणूतल्या एका प्रथिनापर्यंत जाणारी ही वाट मुंबईतूनच जाते, आणि आपल्याकडे तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

आधी सुळके येतात कुठून ते पाहू. हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन, आणि तो एक चिमुकलं चुंबक असतो. त्याला बाहेरच्या मोठ्या चुंबकात ठेवलं की फिरणारा भोवरा जसा कलून घिरट्या घेतो, तसा तो त्या क्षेत्राभोवती घिरट्या घेऊ लागतो. वेग ठरलेला: एक टेस्ला क्षेत्रात सेकंदाला 4 कोटी 25 लाखांहून जास्त. नेमक्या त्याच कंप्रतेची रेडिओलहर सोडली तर प्रोटॉन ती शोषतो, कलंडतो, आणि लहर थांबल्यावर स्वतःच क्षीण रेडिओसंदेश देत राहतो. तो संदेश पकडायचा, एवढंच. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला एमआरआय हाच प्रकार आहे, फक्त तिथे परीक्षानळीच्या जागी माणूस असतो. दवाखान्यातली यंत्रं बहुतेक 1.5 किंवा 3 टेस्लाची असतात, म्हणजे तिथले प्रोटॉन साधारण 64 किंवा 128 मेगाहर्ट्झवर बोलतात. एफएम रेडिओचा 88 ते 108 मेगाहर्ट्झचा पट्टा बरोबर या दोहोंच्या मधे पडतो! एमआरआयच्या खोलीच्या भिंतींत तांब्याचा पत्रा बसवतात तो बाहेरच्या रेडिओलहरींची लुडबुड नको म्हणून.

ही घटना द्रव आणि घन पदार्थांत प्रथम दाखवली ती फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी, वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, 1946 साली. दोघांना 1952 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्यांना रसायनशास्त्राशी फारसं देणंघेणं नव्हतं. केंद्रकाचं चुंबकत्व अचूक मोजायचं, हा त्यांचा हेतू. मग 1950 मध्ये ब्लॉख यांच्याच प्रयोगशाळेत प्रॉक्टर आणि यू या दोघांनी अमोनियम नायट्रेट तपासलं, तर नायट्रोजनचा एक संदेश यायच्या ऐवजी दोन आले. अणू तोच, केंद्रक तेच, आणि उत्तरं दोन. भौतिकवाल्यांच्या दृष्टीने हा मोजमापात घुसलेला रसायनाचा उपद्रव होता. कारण उघड आहे: केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला किंचित अडवतात, आणि ते किती अडवतील हे शेजारी कोणता अणू बसलाय यावर ठरतं.

इथेनॉलने हे लख्ख दाखवलं. त्याच्या रेणूत सहा हायड्रोजन. तीन एका टोकाच्या कार्बनला, दोन मधल्या कार्बनला, एक ऑक्सिजनला. सुळक्यांखालचं क्षेत्रफळ मोजलं तर येतं 3 : 2 : 1. म्हणजे रेणू न फोडता, न जाळता, त्यात काहीही न मिसळता, कोणता हायड्रोजन कुठे बसलाय हे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळालं. तोवर ज्या कामाला महिनोन्महिने लागत, ते काम एका आलेखात! मला हा विसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो.

अडचण आहे ती आवाजाच्या क्षीणपणाची. चुंबकात ठेवलेले प्रोटॉन काही क्षेत्राच्या दिशेने, काही उलट दिशेने असतात आणि एकमेकांचा प्रभाव जवळजवळ पुसून टाकतात. सुमारे 11.7 टेस्लाच्या बलाढ्य चुंबकातही, खोलीच्या तापमानाला, एक लाख प्रोटॉनांमागे शिल्लक उरते जेमतेम चारांची. सगळा संदेश त्या चारांचा. म्हणून चुंबक मोठं हवं, आणखी मोठं हवं, हा या क्षेत्राचा कायमचा धोशा.

हे 11.7 टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अडीच लाख पटींहून जास्त. दिसतं ते पायांवर उभं असलेलं, माणसापेक्षा उंच, चकचकीत पिंप. आत अतिसंवाहक तारेचं वेटोळं, उणे 269 अंशांच्या द्रव हेलियमात बुडवलेलं. त्याच्याभोवती निर्वात पोकळी आणि द्रव नायट्रोजनचं वेष्टन. एकदा वीजप्रवाह भरला की तो वर्षानुवर्षं न थांबता फिरतो, बाहेरून वीज लागत नाही. लागतो तो हेलियम, आणि तो भरायला विसरलं तर चालत नाही. तपासायचा नमुना मात्र 5 मिलिमीटर जाडीच्या काचेच्या नळीत, अर्धा मिलिलिटरच्या आसपास. नळी वरच्या तोंडाशी हवेच्या झोतावर तरंगत ठेवतात आणि झोत हळूहळू कमी करत आत उतरवतात. पेसमेकर असलेल्या माणसाला या खोलीत प्रवेश नाही.

कुलाब्याच्या टाटा संस्थेत ऐंशीच्या दशकात असं 11.7 टेस्लाचं, म्हणजे प्रोटॉनांच्या भाषेत 500 मेगाहर्ट्झचं यंत्र आलं आणि देशभरातल्या संशोधकांसाठी राष्ट्रीय सुविधा उभी राहिली. गिरजेश गोविल आणि रामकृष्ण होसूर ही तिथली ठळक नावं. जैविक रेणूंची ठेवण एनएमआरने कशी शोधायची यावर दोघांचं पुस्तक 1982 सालीच निघालं होतं. होसूर यांना 2014 मध्ये पद्मश्री मिळाली.

जैविक रेणू म्हटलं की इथेनॉलचा सोपेपणा संपतो. प्रथिनाच्या साखळीत शेकडो हायड्रोजन, सगळ्यांचे सुळके एकावर एक, नुसती दाटी. स्वित्झर्लंडमध्ये रिचर्ड अर्न्स्ट आणि कुर्ट व्यूथ्रिख यांनी आलेख एका दिशेऐवजी दोन दिशांना पसरवून ही दाटी मोकळी केली. यातलं एक कळीचं तंत्र 1980 साली प्रसिद्ध झालं, आणि त्या लेखकांत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे अनिल कुमार होते. दोन प्रोटॉन साखळीत कितीही दूर असोत, घडी पडल्यावर ते एकमेकांपासून 5 अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे मिलिमीटरच्या वीस लाखाव्या भागाच्या आत आले, तर या तंत्राने एकमेकांची चाहूल देतात. अंतर दुप्पट झालं की चाहूल चौसष्टाव्या भागावर येते. अशी शेकडो अंतरं गोळा करून प्रथिनाची त्रिमितीय घडी उभी करायची. व्यूथ्रिख यांना यासाठी 2002 चं नोबेल मिळालं. अर्न्स्ट यांना त्याआधीच, 1991 मध्ये.

होसूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हात घातला तो याहून अवघड प्रश्नाला: प्रथिनाची घडीच पडलेली नसेल तर? एड्सच्या विषाणूचं प्रोटिएज हे प्रथिन 99 अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्यांचं असतं. ते बंद पाडणं हा एड्सवरच्या औषधांतला एक मोठा मार्ग. त्याची घडी कशी पडते हे कळायचं तर ती उलगडून पाहायला हवी, म्हणून ते गुआनिडीनच्या तीव्र द्रावणात ठेवून उलगडलं. पण घडी नसली की प्रत्येक अमिनो आम्लाला सगळीकडून पाणीच दिसतं, शेजार सारखा होतो, आणि हायड्रोजनचे सुळके एका जागी गर्दी करतात. नायट्रोजनचे मात्र त्यातल्या त्यात विखुरलेले राहतात, कारण त्यांच्यावर साखळीतल्या आधीच्या अमिनो आम्लाचाही प्रभाव असतो.

या विखुरण्याचाच उपयोग करून कुलाब्यात ‘एचएनएन’ नावाचा त्रिमितीय प्रयोग 2001 मध्ये सुधारित रूपात मांडला गेला. एका नायट्रोजनपासून मागच्या आणि पुढच्या नायट्रोजनपर्यंत संदेश पोचवायचा आणि साखळी एकेक पाऊल चालत जायची. वाटेत ग्लायसीन आलं की सुळक्यांची धन-ऋण चिन्हं बदलतात, म्हणजे आपण कुठे आहोत याची खूण आपोआप मिळते. यासाठी लागतो 15 वस्तुमानाचा नायट्रोजन, जो निसर्गात शेकड्याला अर्धासुद्धा नसतो, आणि 13 वस्तुमानाचा कार्बन, जो शेकड्याला एकच्या आसपास. म्हणून जिवाणूंना मुद्दाम याच नायट्रोजनचं अमोनियम क्लोराइड आणि याच कार्बनचं ग्लुकोज खायला घालायचं, आणि हवं ते प्रथिन त्यांच्याकडून बनवून घ्यायचं. हे ग्लुकोज भलतंच महाग. जिवाणूंना त्याची कल्पना नसते.

आता संगणक प्रथिनाची घडी आधीच सांगू लागलेत. 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल निम्मं त्याच कामाला मिळालं. म्हणून एनएमआर संपलं असं कुणी म्हणालं, तर त्याला पार्किन्सनच्या आजारात गुठळ्या करणाऱ्या अल्फा-सिन्यूक्लीनबद्दल विचारावं. पाण्यात एकटं असताना या प्रथिनाला ठरावीक घडीच नसते, ते सतत हलत राहतं, त्यामुळे संगणकाने काढलेल्या एका चित्राने त्याचं काम भागत नाही. अशा प्रथिनांचा एकेक अणू द्रावणात ओळखून काढणारं हत्यार आजही एनएमआरच आहे, आणि उलगडलेल्या साखळीतून वाट काढायची एक पद्धत आपल्या मुंबईत तयार झालेली आहे.