एका वाटीचं वरण

पुण्यातल्या बहुतेक मेसच्या पाटीवर एक ओळ ठरलेली असते: रविवारी संध्याकाळी बंद. दुपारी पुरी-भाजी, मसालेभात आणि वाटीभर श्रीखंड अशी ‘फीस्ट’ वाढून झाली की मेसवाल्या काकू आठवड्यातली एकुलती एक सुट्टी घेतात. मग खोल्या-खोल्यांतून राहणाऱ्यांपुढे रात्रीच्या जेवणाचा प्रश्न उभा राहतो. काहीजण तो झोपेत घालवतात, काहीजण भुर्जीच्या गाडीवर किंवा मोबाइलवरून मागवलेल्या बिर्याणीवर भागवतात. यातलं काहीच परवडेनासं किंवा पचेनासं झालं, की माणूस शेगडीकडे वळतो. एकट्या राहणाऱ्या कितीतरी जणांचा स्वयंपाक असा सुरू झालाय. हौस मागाहून आली.

पूर्वी ही वेळ फारशी येत नसे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार खानावळीत जेवायचे आणि त्यांचा स्वयंपाक चाळीतल्या बायका घरात करायच्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्यांना हाताशी धरून. एकट्या पुरुषाच्या पोटामागे कुणीतरी बाई राबतेच आहे, हे तेव्हा कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. आजच्या डब्यामागेही बहुधा तीच असते.

वाकडला एका खोली-स्वयंपाकघरात राहणारा, हिंजवडीत नोकरी करणारा लातूरचा एक तरुण या वाटेने गेला. वडिलांची लातूरच्या बाजारात आडत. तूर, हरभरा, सोयाबीनच्या राशींत वाढलेला मुलगा. डाळ तळहातावर घेऊन ती फटका आहे की दुय्यम, हे दुकानदाराच्या आधी सांगणारा. कुकर मात्र त्याने कधी लावला नव्हता. आईने निघताना घरातला पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर बांधून दिला. खोलीत मालकाने ठेवलेली शेगडी होती इंडक्शनची. तिने त्या कुकरची दखलच घेतली नाही, नुसती टीं-टीं करत राहिली. इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असंच बूड लागतं. भांडं घ्यायला जाताना खिशात चुंबक ठेवावा, हे त्याला भांड्यांच्या दुकानातल्या मालकानेच सांगितलं. दोन लिटरचा स्टीलचा कुकर आला आणि पाच लिटरवाला कपाटावर चढला. एका अर्थी बरंच झालं. पाच लिटरच्या कुकरात अर्धी वाटी डाळ तळाशी कुठेतरी हरवून जाते.

त्यानंतर डाळ शिजेना. शिट्ट्या होत, झाकण उघडलं की पिवळं पाणी वर आणि डाळ खाली, दाताखाली कचकचणारी. आईने फोनवर डाळीला दोष दिला. वडिलांना तो लातूरचा अपमान वाटला; घरात त्यावरून थोडी वादावादीही झाली. दोष पाण्याचा होता. त्या भागातल्या अनेक सोसायट्या टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यावर चालतात, आणि ते पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं, त्यामुळे दाणा फुटत नाही. पिण्यासाठी गाळलेलं पाणी वापरलं, डाळ अर्धा तास भिजवली, आणि तीच डाळ लोण्यासारखी शिजली. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घालायचे नाहीत, हेही त्याच सुमारास कळलं. आंबटानेही डाळ अडते.

शिट्ट्यांचं गणित तर आणखी फसवं. ‘तीन शिट्ट्या’ हे माप घराघरांत वेदवाक्य मानलं जातं, पण शिट्टी म्हणजे जादा वाफेला दिलेली वाट. आच मोठी असेल तर कुकर भराभर शिट्ट्या देतो आणि डाळ कच्चीच राहते. शिजवण्याचं काम करतो तो आतला दाब. शिट्टीचं वजन वाफ अडवून धरतं, दाब वाढतो आणि पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून घड्याळ पाहणं जास्त भरवशाचं. आईला हे पटलं नाही. तिच्या शेगडीची आच तिच्या शिट्ट्यांशी तीस वर्षं जुळलेली आहे. तिला घड्याळाची गरजही नाही.

फोडणीत खरी गंमत आहे. गॅसवर छोट्या लोखंडी पळीत फोडणी करून ती वरणावर ओतता येते. इंडक्शनवर ती पळी ठेवली तर शेगडी तिला भांडंच मानत नाही, बूड फार लहान. म्हणून त्याने क्रम उलटा केला: सपाट बुडाच्या पातेल्यात फोडणी करायची आणि शिजलेली डाळ तिच्यावर ओतायची. तेल तापलं का, हे पाहायला मोहरीचे दोन दाणे आधी टाकायचे. ते तडतडले की बाकीची मोहरी. ती शांत होत आली की जिरं, मग हिंग, मग धुऊन कोरडा केलेला कढीपत्ता. ओला टाकला तर तेल अंगावर येतं. हळद सगळ्यात शेवटी आणि शेगडी बंद करून, कारण इंडक्शनवर पातेल्याचं बूड इतकं झपाट्याने तापतं की हळद बघता बघता काळी पडते आणि वरण कडवट होतं. लगोलग डाळ ओतायची. त्या चर्र आवाजानंतर खोलीभर जो वास पसरतो, तो बाहेरून मागवलेल्या दाल-तडक्याच्या प्लास्टिकच्या डब्यातून कधीच येत नाही.

कृतीपेक्षा अवघड असतो अंदाज. ‘मीठ किती?’ विचारलं तर फोनवरून उत्तर येतं, “अंदाजानं घाल की.” आईचा अंदाज पाच माणसांचा आहे, त्याला पाचाने भागता येत नाही. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि घराघरांत पोहोचलं, त्यामागे एक कारण हेही होतं की त्यांनी रोजच्या वापरातल्या वाटी-चमच्याने प्रमाणं दिली. पण बहुतेक पाककृती, मग त्या पुस्तकातल्या असोत की मोबाइलवरच्या, भरलेलं घर गृहीत धरतात. एकट्याला स्वतःचं कोष्टक बनवावं लागतं. याचं कोष्टक फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं आहे: तांदूळ पाऊण वाटी, पाणी त्याच्या दुप्पट, डाळ अर्धी वाटी, म्हणजे रात्री वरण आणि दुसऱ्या दिवशी आमटी. उरलेला भात निवला की फ्रिजमध्ये; रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकणं पोटाला महागात पडू शकतं.

बाजारातही हीच अडचण. कोथिंबिरीची जुडी एकट्याला आठवडाभर पुरते आणि चौथ्या दिवशी सडते. कोबीचा गड्डा तर शिक्षाच. शनिवारी सकाळी तो पाव किलोच्या भाज्या घेतो: गवार, भेंडी, दोडका. विक्रेती मावशी दरवेळी हिणवते, “एवढ्याशानं काय होतंय?” आणि वर दोन मिरच्या टाकते. मटकीचं मात्र त्याने छान वेळापत्रक बसवलं आहे. शुक्रवारी रात्री भिजत घालायची, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, रविवारी उसळ. मधले चोवीस तास मटकी आपलं काम आपण करते.

भाकरीने मात्र शेगडीच बदलायला लावली. ज्वारीच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून कढत पाण्याने ते मळायचं. त्याने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि पीठ थापताना तुटत नाही. तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकत आलं की उलटायची. इथवर इंडक्शन चालतं. पण शेवटी भाकरी जाळावर टम्म फुगवायला जाळ लागतो. घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरसाठी पत्त्याचा पुरावा हवा, आणि भाडेकरूकडे अनेकदा तोच नसतो. इंडियन ऑइलचा ‘छोटू’ नावाचा पाच किलोचा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. तो आला, सोबत एका बर्नरची शेगडी आली. भाकऱ्या अजून गोल होत नाहीत, पण फुगतात.

हे सगळं बसत आलं असतानाच भाडं वाटून घ्यायला खोलीत कोल्हापूरचा एक जण राहायला आला. पहिल्याच रविवारी त्याने ताटातलं वरण पाहिलं, फ्रिजवरचं कोष्टक वाचलं आणि विचारलं, “कांदा-लसूण मसाला कुठं ठेवलाईस?” तो मसाला घरात नव्हता. पुढच्या शनिवारी दोघं मिळून बाजारात गेले. कोष्टकावर आता पेनने खाडाखोड झाली आहे, आणि पाच लिटरचा कुकर नव्या गॅसवर चढण्यासाठी कपाटावरून खाली उतरला आहे. त्याची रिंग मात्र वाळून चिरलेली निघाली.