अक्षरं चुकतात? आधी कारण शोधा

तोंडी विचारलं तर उत्तर तयार, पण वही उघडली की ‘ब’चा ‘व’ होतो, वेलांटी गळते, जोडाक्षर अर्धंच उतरतं. अशा मुलाला घरात ‘आळशी’ आणि शाळेत ‘मठ्ठ’ म्हटलं जातं. आईवडील शिकवणी लावतात, खेळ बंद करतात, कधी हातही उगारतात. मग मूलच मानू लागतं की, आपल्याला काही येणारच नाही. खरं नुकसान होतं ते इथे.

तपासणी कोणत्या भाषेत?

हा डिस्लेक्सिया असू शकतो. यात बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडतं. रायपूर आणि भिलईच्या मधे वसलेल्या कुम्हारीसारख्या गावी मराठी घरातलं मूल आईशी मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत छत्तीसगढी बोलू शकतं. त्याची अडचण भाषेची की वाचनाची, हे एकाच भाषेत तपासून नीट कळत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली आणलेली ‘डाली’ चाचणी म्हणूनच मोलाची आहे. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे.

साधनं हाताशी आहेत

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. कोडमुळे धडा घरी पुन्हा पुन्हा ऐकता-पाहता येतो. सावकाश शिकणाऱ्या मुलाला हवी असते ती हीच मुभा. वर्गात ‘परत सांगा’ म्हणायची त्याला लाज वाटते.

ज्यांना बोलणं जमत नाही, त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीत ‘जेलो’ हे मोफत अॅप तयार झालं. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो, मराठीतसुद्धा. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना ‘एनव्हीडीए’ संगणकाचा पडदा वाचून दाखवतं. तेही मोफत आहे.

हक्क माहीत करून घ्या

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतांचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि सहायक साधनं मोफत मिळण्याची तरतूद आहे. परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर शाळेला वर्षाच्या सुरुवातीलाच भेटा. परीक्षा तोंडावर आल्यावर कागदपत्रं जमत नाहीत.

मात्र फोन हातात दिला की काम संपलं, असं नाही. रोज वीस मिनिटं मुलाजवळ बसा. फोन धडा वाचेल तेव्हा त्याचं बोट पुस्तकातल्या ओळीवर फिरू द्या. शेवटी, काय कळलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावा. त्या वेळी चुका मोजू नका, ऐका. त्याला किती येतं, हे कदाचित तुम्हालाही तेव्हाच कळेल.