संरक्षक रिले : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विद्युत्संरक्षणाच्या व्यवहारात विकणारा आणि विकत घेणारा या दोघांच्याही मनात जे गैरसमज घर करून बसलेले असतात, त्यांतला सर्वांत जुना हा, की रिले बसविला म्हणजे बिघाड होत नाही. वस्तुतः रिले बिघाडाला अटकाव करीत नाही. केबलचे आवरण फुटून किंवा रोहित्राच्या वेटोळ्यांतील निरोधन जळून बिघाड प्रत्यक्ष घडल्यानंतर, सी.टी.मार्फत पोहोचणाऱ्या प्रवाहावरून तो ओळखणे आणि ब्रेकरला उघडण्याचा हुकूम देणे, एवढेच रिलेचे काम. त्या हुकुमाची अंमलबजावणी ट्रिप कॉइलने आणि ब्रेकरच्या यंत्रणेने करावयाची, आणि तिला बळ पुरवावयाचे ते डी.सी. बॅटरीने. 220 केव्हीच्या वाहिनीवरील बिघाड 160 मिलिसेकंदांत आणि 400 केव्हीवरील 100 मिलिसेकंदांत दूर झाला पाहिजे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा दंडक आहे. त्या अवधीत ही सारी मंडळी एकामागून एक हजर झाली नाहीत, तर रिले कितीही अव्वल असो, त्याचा उपयोग शून्य.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे, कारण तो अनुभवाच्या वेषात येतो. ‘आमचा रिले पंचवीस वर्षे आहे तेथेच आहे, कधी तक्रार नाही, मग तपासणीवर खर्च कशाला?’ असे कारखानदार म्हणतो, आणि ते वरवर पाहता वाजवीही वाटते. परंतु पंप बिघडला तर पाणी बंद पडते, मोटर बिघडली तर पट्टा थांबतो. रिले मात्र नादुरुस्त होऊनही पॅनेलवर पूर्ववत दिसत राहतो, कारण त्याच्याकडून काम मागण्याचा प्रसंगच वर्षानुवर्षे येत नाही.

आपल्याकडील एखाद्या जुन्या साखर कारखान्याच्या 33 केव्ही फीडरवरील, फिरत्या चकतीच्या रिलेचे काचेचे झाकण काढून पाहावे. बगॅसची बारीक धूळ झाकणाच्या फटीतून आत शिरून चकती आणि चुंबक यांमधील चिंचोळ्या जागेत बसलेली असते, आणि दमट हवेने संपर्कबिंदू काळवंडलेले असतात. टाइम मल्टिप्लायर 1 वर ठेवून, सेकंडरी इंजेक्शनच्या किटने प्लग सेटिंगच्या दुप्पट प्रवाह सोडला, तर नॉर्मल इन्व्हर्स वक्राच्या या रिलेने सुमारे 10 सेकंदांत संपर्क जोडावयास हवा; दसपट प्रवाहाला सुमारे 3 सेकंदांत. टायमरवर 10 च्या जागी 14 दिसू लागले, की समजावे, फीडरचा हा रिले आपल्या वरच्या, इनकमरवरील रिलेच्या मागे पडला आहे. या दोहोंमध्ये प्रघाताने साधारणतः 0.3 ते 0.4 सेकंदांचेच अंतर राखलेले असते. ते पुसले गेले म्हणजे एका फीडरवरील बिघाडापायी इनकमर उघडतो आणि ऐन गाळपात सारा कारखाना अंधारात जातो. सी.टी.चे गुणोत्तर, तिची ध्रुवता आणि ट्रिप कॉइलपर्यंतची तार यांचीही खातरजमा त्याच वेळी व्हावी. मात्र प्रवाह चालू असता सी.टी.चे दुय्यम मंडल कोणीही, क्षणभरही, उघडे सोडू नये, कारण तेथे निर्माण होणारा दाब प्राण घेऊ शकतो.

तेव्हा न्युमेरिकल रिले घेतला की तपासणीची यातायात संपली, असा तिसरा समज पुढे येतो, आणि विक्रेत्यांपैकी काही जण तो आपल्या सोयीसाठी जोपासतात, हे मला खेदाने नमूद करावे लागते. न्युमेरिकल रिले स्वतःचा प्रोसेसर व स्मृती यांची सतत चाचपणी करतो, बिघाडाची नोंद राखतो, आणि एका पेटीत अनेक जुन्या रिलेंचे काम करतो, हे सर्व खरे. पण सी.टी.च्या तारा उलट जोडल्या आहेत, ब्रेकरचे वंगण सुकून तो अडकला आहे, किंवा बसविणाऱ्याने सेटिंगचा आकडाच चुकीचा भरला आहे, यातले काहीही त्याची स्वयंतपासणी सांगू शकेलच असे नाही. शिवाय त्याच्या वीजपुरवठ्यातील कपॅसिटर कालांतराने जीर्ण होतात; जुन्या चकतीच्या रिलेला ही व्याधी नव्हती.

सेटिंगचे महत्त्व किती, हे 30 जुलै 2012 च्या पहाटे साऱ्या देशाने पाहिले. बीना–ग्वाल्हेर ही 400 केव्हीची वाहिनी, तिच्यावर कोणताही बिघाड नसता, केवळ अतिभार व घसरलेला दाब यांमुळे डिस्टन्स रिलेच्या तिसऱ्या क्षेत्राच्या मर्यादेत शिरली आणि ट्रिप झाली, आणि उत्तरेचे ग्रिड कोसळले; दुसऱ्या दिवशी हीच वाहिनी पुन्हा गेली, आणि त्या वेळी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तीन ग्रिड बंद पडली. रिलेने त्याला सांगितले तेच केले होते. चौकशी समितीने इतर शिफारशींबरोबर त्रयस्थांकडून संरक्षणव्यवस्थेची तपासणी करवून घेण्याचीही शिफारस केली, ती याच जाणिवेने. म्हणून जुन्या पॅनेलमध्ये नवा रिले बसवून जुनेच आकडे त्यात उतरविणे, याला नूतनीकरण म्हणता येत नाही. मध्यंतरी रोहित्र वाढले असेल, सहवीजनिर्मितीचा टर्बाइन जोडला गेला असेल, आणि बिघाडप्रवाहाचे मान पार बदलले असेल, त्यामुळे समन्वयाचा हिशेब नव्याने मांडलाच पाहिजे.

आणि जुने तेवढे टाकाऊ, हेही खरे नव्हे. सुटे भाग मिळत असतील आणि चाचणीत आकडे बरोबर येत असतील, तर साध्या फीडरवरील चकतीचा रिले बदलू नका, असा सल्ला देणारा विक्रेता माझ्या मते विश्वासास अधिक पात्र आहे.

गाळप हंगाम आटोपून कारखाना थांबला, की वाचकांपैकी ज्यांच्यावर सबस्टेशनची जबाबदारी आहे त्यांनी चाचणीचा बंदोबस्त करावा, आणि अहवालात दुरुस्तीपूर्वी आढळलेले आकडे व दुरुस्तीनंतरचे आकडे शेजारी शेजारी मागावेत. केवळ ‘समाधानकारक’ असा शेरा असलेला कागद देणाऱ्याचे बिल मंजूर करू नये.